उशिराचा फोटो

हसायचं तर आत्ताच हसून घ्या रे पोरांनो. नंतर पाणी प्यायलाही एकेकटे उठणार नाही.

गेला होता तो नुसता विसरलेला डबा आणायला. आमच्या हॉस्पिटलातला टेक्निशियन, माझा जुना दोस्त. किडनीचे फोटो काढायचा. शिरेत किरणांचं औषध टोचायचं, लगेच फोटो घ्यायचे, आणि चार तासांनी आणखी एक. मुतखडा फोडताना आत इजा झाली असेल तर लघवी झिरपून बाजूला साचते. कधीकधी तो डाग फक्त उशिराच्या फोटोत दिसतो. औषध दोन दिवसांत अंगातून निघून जातं.

त्या रात्रीच्या वर्षभर आधी, सतरा ऑक्टोबरला, एक शिंपीणबाई आल्या होत्या. खडा फोडून तीन दिवस झालेले, पोट फुगलेलं. याला मॅच बघायची घाई.

"भाऊ, चार तास थांबायला सांगितलंय ना?"

"काही गरज नाही. सगळं झकास आहे, जा घरी."

आणि पठ्ठ्याने पहिलाच फोटो उशिराची वेळ टाकून रिपोर्टला जोडला! चौथ्या दिवशी बाई गेल्या. याने तोंडाला कुलूप लावलं. मला हे पुढे त्यानेच सांगितलं, तेव्हा वाटलं, कानाखाली वाजवावी.

तर वर्षाने त्याच तारखेला, रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी, तो डबा घ्यायला खोलीत शिरला. बाईंच्या उशिराच्या फोटोची हीच वेळ होती. त्याच्या लक्षातही नव्हतं.

मशीन बंद होतं. तरी टेबल सरकलं... रिकामं.

पडद्यावर ठिपके उमटले. एक किडनी. मग दुसरी. शेजारी डाग... वाढत चाललेला.

"भाऊ..."

तो दाराकडे वळला.

"चार तास झाले."

गार बोटांनी दंड धरला.

"बाई, चुकलं माझं..."

मग अगदी कानाशी, दात आवळून, "आता तुम्ही थांबा."

सकाळी शिपायाला तो टेबलावर बेशुद्ध सापडला. कोपराच्या आत सुई टोचल्याची खूण. औषधाचं कपाट मात्र कुलूपबंद, एक थेंब कमी नाही. किरण मोजायचं यंत्र त्याच्या उजव्या कुशीशी नेलं, तर टकटकायला लागलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत थांबेल.

याला अकरा वर्षं झाली. आता चार तास झाल्याशिवाय तो एकाही पेशंटला सोडत नाही.

परवा मीच ते यंत्र त्याच्या कुशीला लावून पाहिलं...

अजून टकटकतंय.