पडद्यावरची मड्डम

निपाणीच्या माळावर मुक्या सिनेमाचा तंबू लागला होता. ब्राह्मी आत्याबरोबर आली ती थेट पडद्याशेजारच्या खोक्यावर जाऊन बसली.

"ती माझी जागा…" मागून कुणीतरी म्हणालं. "पण बसा. मी उभाच असतो."

हा कुंथुनाथ. सहा वर्षं रंगूनला काढून नुकताच परतलेला. चित्र चालू असताना शेजारी उभं राहून लोकांना गोष्ट सांगायची, हे त्याचं काम. एक दिवस मराठीत, एक दिवस कानडीत; निपाणीच्या माणसांना दोन्ही कळायचं.

गोष्ट परमुलखात गेलेल्या पोराची होती. तिथली मड्डम पडद्यावर आली आणि सांगणारा गडी असा काही खुलला की विचारू नका! तिचे डोळे काय, तिचं चालणं काय… ब्राह्मीचा नुसता जळफळाट झाला. कोण कुठला हा, आपल्याला काय त्याचं? तरी पुढच्या मराठी खेळाला बाई हजर. त्यात आत्यानं बातमी आणली, रंगूनच्या घरमालकाची लेक ह्याला पत्रावर पत्र घालते, परत ये म्हणते. झालं, आगीत तेल पडलं.

खेळ सुटल्यावर तिनं त्याला गाठलंच.

"ती रंगूनवाली… देखणी हाय?"

"व्हय."

असला कसला सरळ माणूस! जरा खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?

"मग जाणार परत?"

"उद्या कानडी खेळाला या," तो म्हणाला. "मराठीत मी रंगवून सांगतो. कानडी आईची भाषा… तिच्यात खोटं बोलवत न्हाय."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर पोराचं मड्डमशी लग्न लागलं. मराठीत ह्या जागी तो टाळ्या घ्यायचा. आज कानडीत हळूच म्हणाला, नवरा हसतोय खरा, पण ह्या घरात तो जन्मभर उसन्या बोलीत बोलणार, भांडला तरी उसन्याच बोलीत. बायकांत कुणीतरी डोळे पुसले.

ब्राह्मीचा राग निम्मा उतरला. निम्मा राहिलाच.

"निघताना ती रडली?" तिनं बाहेर विचारलं.

"रडली."

"आणि तुम्ही?"

"मी बी. पत्राला उत्तर अजून लिहिलं न्हाय… तुझ्या मनात जर…" तो अडखळला. एवढा बोलका माणूस, पण मराठी सुचेना.

"मग कानडीत विचारा," ती म्हणाली.

त्यानं विचारलं. ती हो म्हणाली, आणि त्याच दमात तिनं बजावलं की रंगूनला उत्तर जाईल ते आपल्यासमोर लिहायचं, आणि त्यात कुणाच्या डोळ्यांचं कौतुक नको.