पावण्यांना हाक

ही घटना खरी आहे. आकाराम ती सांगताना आवाज चढवत नाही. फक्त भिंतीला पाठ टेकून बसतो.

१९९९ सालच्या जानेवारीतली पहाट. मलकापूरजवळचा, शेतीसाठी बांध घालून केलेला तलाव. हिवाळ्यात तिथे दूरदेशीची बदकं उतरत आणि ती पाहायला कोल्हापूरहून माणसं येत.

तलावावर होड्या दोनच. एक आकारामची, दुसरी जोतीरामची.

माणसं विचारत जोतीरामलाच. तो पाण्याकडे बघून म्हणे, "या की पावणं, लाजताय काय?" मग हलकी शीळ घाली... आणि बदकं खरोखरच वल्ह्याच्या अंतरावर येत.

आकाराम नऊ वर्षं काठावर बसून हे पाहत होता.

डिसेंबरात जोतीराम तापाने गेला. आकारामने खांदा दिला, रडलाही. पण परतताना त्याच्या मनात आलं, आता होडी एकच.

त्या पहाटे शाहूपुरीचे उदयसिंह आणि त्यांची बायको शिवानी त्याच्या होडीत बसले. वल्हवताना आकारामचं तोंड त्या दोघांकडे होतं. त्याच्या पाठीमागची फळी रिकामी.

"मामा, पक्ष्यांना बोलावणारे ते तुम्हीच ना?" शिवानीने विचारलं.

"व्हय की. मीच."

त्याने हाक दिली. शीळ घातली.

एकही बदक हललं नाही.

त्याने पुन्हा घातली. आता तलावावरचा सगळा कलकलाटच थांबला...

"आज पावणं रुसल्यात वाटतं, मामा," उदयसिंह हसले.

आकारामचे कान तापले. मेला तरी ह्याचंच चालायचं काय, असं तो मनात म्हणाला.

आणि शीळ आली...

अगदी जवळून. त्याच्या मानेमागून.

होडी त्याच्या पाठीकडे किंचित दबली, कुणी टेकल्यासारखी.

धुक्यातून बदकं निघाली. दहा, वीस, पन्नास. होडीच्या दोन्ही अंगांनी सरकत ती त्याच्या पाठीमागे गोळा झाली.

शिवानी त्याच्याकडे कौतुकाने पाहत होती.

"मामा, ओठ न हलवता शीळ कशी घालता हो?"

तो वळला नाही.

"सवय हाय," तो म्हणाला.

त्या दिवसापासून त्याच्या होडीला रांग लागली. पुढचे दहा हिवाळे त्याने एकदाही शीळ घातली नाही. बदकं येतच राहिली.

"तुमास्नी भ्या वाटत न्हाय?" बयाबाईने, त्याच्या बायकोने, एकदा विचारलं.

त्याने वल्हं पुसून भिंतीला टेकवलं.

"भ्या कशाचं? जीव जळतो, बये. मी हितं समोर बसलोय... एक पाखरू माझ्याकडं बघत न्हाय."