ब्रेकवरचा पाय

दहा नंबरचा रिंग पाना पाहिजे? देतो ना बाप्पा. पाना काय मी सरणावर सोबत नेणार आहो? पण पियुष, आधी बस गा. तो ब्रेक ऑइलचा डबा ठेव खाली. मिनल, तू बी बस वं पोरी. याच्याहून तुलेच हे ऐकायची गरज आहे.

काहून म्हणजे? आत्ताच नाही का तू म्हणाला, गाडीच्या ब्रेकची हवा काढायची आहे अन् पेडल दाबायले मिनल बसणार आहे? लगन होऊन तीन महिने झाले नाही, अन् बायकोले ब्रेकवर बसवून राहिला. बह्याडच आहेस.

हे बाजूचं घर पाहिलं ना? भिंतीले भिंत लागून. मार्तंडराव भोयरचं. मी अन् तो कोराडीच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं एका शिफ्टले होतो. रिटायर व्हायच्या आधी दोघांनी हुडकेश्वरले बाजूबाजूले प्लॉट घेतले. तवा इथं रात्री कोल्हे ओरडत. त्याच्या गेटमागं टिनाचं शेड आहे, अन् शेडात गाडी आहे. दोन हजार एकची व्हीटेकवाली सिटी, काळी कुळकुळीत. एकशे सहा घोड्यांचं इंजिन. पाच हजाराच्या वर काटा गेला की तिचा आवाज बदले, अन् याचे डोळे मिटत. देवळातही कधी मिटले नाही असे.

काम मात्र येत होतं बुवाले, खोटं काहून बोलू? इंजिनातल्या टॅपेटची टिकटिक तो भिंतीपलीकडून ओळखे. बायको रात्रभर खोकली तरी ऐकू जात नव्हतं, ते वेगळं.

बायको म्हणजे प्रेमिला. साधी बाई. सांबारवडी केली की पहिली प्लेट भिंतीवरून माझ्याकडं येई. गाडी तिले चालवता येत नव्हती, त्यानं शिकवलीच नाही. क्लच जाळशील म्हणे. पण वीस वर्षं त्या गाडीत सगळ्यात जास्त कोणी बसलं असन, तर तिनं. उभ्या गाडीत, शेडात, पाय ब्रेकवर ठेवून.

मिनल, तुले समजून सांगतो. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल लिबलिबीत होते. हवा काढायले दोन माणसं लागतात. एक खाली चाकाजवळ, एक वर पेडलवर. खालचा म्हणते, "दाब." वरचा तीनदा दाबते. खालचा म्हणते, "धर." वरचा दाबून धरते अन् म्हणते, "धरलं." मंग खालचा चाकामागचं निप्पल उघडते, हवा अन् तेल निघते, निप्पल बंद. पुन्हा दाब, पुन्हा धर. असं चारही चाकांचं. सारं संपलं की एकदाच म्हणायचं, "सोड." मार्तंडरावचा नियम होता, मी सोड म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही. एकदा तिनं उचलला होता. घरात कुकर जळून राहिला होता म्हणून. चार दिवस बोलला नाही तिच्याशी.

दोन हजार बावीसची गोष्ट. पंचवीस मे, बुधवार. नवतप्याचा, त्या नऊ जळत्या दिवसांतला, पहिला दिवस. दुपारी साडेतीनले टिनाच्या शेडात काय होत असन, विचार करा. मी इकडं कूलरसमोर लुंगीवर पडलो होतो. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं.

"दाब. धर."

"धरलं."

दोन चाकं झाली असतील. मंग ती म्हणाली, "अहो, मले गरगरून राहिलं."

"दोनच चाकं राहिली. धर."

"सोडू का थोडं? पाणी पिऊन येतो."

"धर म्हटलं ना!"

मी उठून जायले पाहिजे होतं. नाही गेलो. नवरा-बायकोच्या मधात कोण पडते, म्हणून कूस बदलली. हे मी सत्तरीत सांगून राहिलो, अन् लाज वाटते सांगतानी.

त्याच्यानंतर बी ती म्हणत होती, "धरलं." आवाज पातळ झाला होता. मले वाटलं, कूलरच्या घरघरीनं तसा येत असन. पाच वाजता काम संपलं. त्यानं चाकं चढवली, जॅक उतरवला, हात धुतले, अन् ओसरीत बसून ओरडला, "चहा टाक वं!" चहा आला नाही. पुन्हा ओरडला. मंग तावातावानं शेडात गेला. "झोपली का तू तिथंच?" एवढं ऐकलं मी. नंतर काहीच नाही.

मी भिंतीवरून उडी मारून गेलो. ती सीटवर बसली होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर. डोळे उघडे. पाय ब्रेकवर, पेडल पार तळाले टेकलेलं.

डॉक्टर साडेपाचले आला. उष्माघात म्हणे, अन् जाऊन दीड तास तरी झाला म्हणे. म्हणजे चार वाजता. आता तुम्हीच हिशोब करा. शेवटचं चाक पाचले झालं. मंग तो तासभर "धरलं" कोण म्हणत होतं?

मी कोणाले विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

तिले बाहेर काढायले समोरच्या सिंधूताई अन् त्यांची सून कामिनी आल्या. पाय निघत नव्हता. एक बाई खांदे धरून ओढे, दुसरी पाय सोडवे. अन् हा दाराशी उभा. काय म्हणाला माहीत आहे? म्हणे, "जपून. पेडल वाकन."

हाव पोरी. माझ्या कानानं ऐकलं. पन्नास वर्षांत इतकी चीड मले कोणाची आली नाही. अन् तरी मीच त्याच्या बाजूले राहून तिरडीले खांदा दिला. पाय निघाला एकदाचा. पण "सोड" त्यानं म्हटलंच नाही. काम झालं, हात धुतले. ते एक म्हणायचं राहिलं.

वाटलं होतं, आता गाडी विकन, निदान झाकून ठेवन. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तेरवी झाली अन् पंधराव्या दिवशी इंजिनचा आवाज आला. पोरगी हिमानी पुण्याहून फोनवर रडे, बाबा ती गाडी काढा. तो म्हणे, गाडीचा काय दोष? बरोबर आहे. गाडीचा नव्हताच.

आता ती रात्र. दोन हजार चोवीस, पंचवीस जानेवारी. गुरुवार, पौषातली पौर्णिमा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातले जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती, अन् याची गाडी सगळ्यात पुढं राहणार होती. दोन वर्षं तो त्याच्यासाठी झुरत होता. अन् ऐन संध्याकाळी मागच्या डाव्या चाकातून तेल गळायले लागलं. वयानुसार होते तसं. त्यानं आतला सिलिंडर बदलला. पण नळी उघडली म्हणजे हवा शिरली. हवा काढल्याशिवाय गाडी गेटबाहेर निघत नव्हती.

साडेबाराले मले फोन. "नानाजी, दहा मिनिटं ये गा. पेडल दाबायले कोणी नाही."

मी म्हटलं, "त्या सीटवर मी बसत नाही." अन् फोन ठेवला. चांगलं केलं का वाईट, अजून समजलं नाही मले.

पुढचं मले कसं माहीत? मोबाइलमुळं. जुनी गाडी घरी कशी सांभाळायची, याचे व्हिडिओ करून टाके तो. त्या रात्रीही मोबाइल पान्यांच्या पेटीवर उभा करून ठेवला होता. हिमानीनं अन् मी तो दवाखान्याच्या व्हरांड्यात पाहिला. एकदाच. त्याच्यात गाडी दिसत नाही. तो दिसते, चाक दिसते, अन् वरतून टॉर्चचा उजेड.

बारा त्रेचाळीसले व्हिडिओ सुरू होते. पोछ्याचा दांडा त्यानं सीट अन् पेडलच्या मधात अडकवला होता. दांडा निसटे. हा शिव्या देई, पुन्हा अडकवे. पुन्हा निसटे. तिसऱ्यांदा दांडा खणकन पडला, अन् हा चाकाजवळ बसला. डोकसं धरून. सकाळचे सात त्याच्या डोळ्यांसमोर असतील.

मंग, वीस वर्षांची सवय गा. वर न पाहता म्हणाला, "दाब."

अन् स्वतःच हसला.

चर्र.

चर्र.

चर्र.

तीनदा. पेडलचाच आवाज. वीस वर्षं ऐकला आहे मी तो भिंतीपलीकडून.

त्याचं हसू तसंच राहिलं तोंडावर. मान हळूहळू वर गेली. काय दिसलं, देव जाणे. दहा सेकंद... वीस... पळ म्हटलं मी मोबाइलले. बह्याडावानी मोबाइलले म्हटलं, पळ रे बाबा.

तो नाही पळाला.

त्यानं ओठ चाटले. अन् हळूच म्हणाला, "धर."

...

तिथं व्हिडिओत काही ऐकू येत नाही. फक्त थोडी जागा. एक शब्द मावन एवढी. मंग त्यानं मान हलवली, अन् निप्पल उघडलं. नळीतून बुडबुडे आले. एकामागून एक. अन् पोरी, मी त्याचं तोंड पाहिलं. भेव गेलं होतं. खुश झाला होता तो. फुकटचा माणूस मिळाला होता.

"दाब."

चर्र. चर्र. चर्र.

"धर."

...

मागचं डावं झालं. मागचं उजवं झालं. हात सफाईनं चालत होते. थंडीत घाम. पुढच्या डाव्याले आला. मोबाइलही सोबत आणला, बरोबर समोर उभा केला. एक वाजून एकवीस मिनिटं.

"दाब. धर."

... ...

ही जागा मोठी होती. तो थांबला. मान खाली घातली. त्या जागेत काय होतं, ते हिमानीले समजलं नाही. मले समजलं. मी ते भिंतीपलीकडून ऐकलं होतं, नवतप्यात.

त्यालेही समजलं. कारण त्यानं तेच उत्तर दिलं.

"एकच चाक राहिलं. धर."

हिमानी माझा हात धरून बसली होती. तिची नखं रुतली.

शेवटचं चाक. पुढचं उजवं. ड्रायव्हरच्या दाराजवळ, मोबाइलही तिथंच. निप्पल बंद केलं. पाना पुसला. डिस्क फिरवून पाहिली... जाम. ब्रेक घट्ट धरलेले. एक नंबर काम. एक पन्नास.

आता एकच शब्द राहिला होता.

त्यानं वर पाहिलं. खिडकीकडं.

...

पुन्हा ती जागा.

...

पुन्हा.

कोणी तरी तेच तेच विचारून राहिलं होतं. अन् आता तो वर पाहत नव्हता. बाजूले पाहत होता. कानाजवळ.

त्याच्या तोंडून निघालं, "सो..."

अन् तोंडाचा उजवा कोपरा घसरला. मेण वितळावं तसा. पाना पडला. तो पडला. डोळे उघडे. व्हिडिओ तसाच चालू... चालू... हिमानीनं बंद केला.

सकाळी सहाले मीच गेलो. फेरीत जायचं तर गेट काहून बंद, म्हणून. शेडात अंधार होता. अन् त्या अंधारात मागचे दोन्ही ब्रेकचे लाइट लागलेले. लालबुंद. गाडीत कोणी नव्हतं. पेडल तळाले टेकलेलं.

डॉक्टर म्हणे लकवा, थंडी अन् बीपी. जीव वाचला. त्यापेक्षा गेला असता तर त्याचं बरं झालं असतं, असं मी म्हणतो. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पूर्ण नाही गेली, एक शब्द उरला. मेंदूचं असं होते म्हणे कधी कधी. तहान लागली तरी तोच. पाठ दुखली तरी तोच. पोरगी समोर आली तरी तोच.

"धर."

काय म्हणतो पियुष? जुन्या व्हिडिओत त्याचं "सोड" असन, ते शेडात वाजवा? केलं ना गा ते. तुझ्या आधी हिमानीले सुचलं. चौतीस व्हिडिओ तिनं रात्रभर पाहिले. दाब आहे, धर आहे. शेवट मात्र सगळीकडं कापलेला. बायकोचं धरलं ऐकू येऊ नये म्हणून धरच्या पुढचं सारं कापे तो. तिच्यासोबत ते बी कापल्या गेलं. मी जाऊन म्हटलं, सोड वं प्रेमिला. हिमानी म्हणाली, आई सोड. नाही. ती फक्त त्याचंच ऐके. जलमभर तेच शिकवलं होतं तिले.

गाडी न्यायले क्रेनवाला आला होता. चाकं हलली नाही. मिस्त्री बोलावला, म्हटलं निदान ते लाइट तरी बंद कर. त्यानं बॅटरीच काढली, तरी लाइट लागलेलेच. बॅटरी ती काय, रांजणाच्या बाजूले, गोणपाटाखाली. हात लावून पाहा, खरीच आहे. दोन वर्षं झाली तिथं पडून.

दररोज याच वेळी, रोशनी म्हणून बाई आहे त्याच्याजवळ, ती त्याची खुर्ची शेडाशी नेते. तो हट्टच करते. नेलं नाही तर जेवत नाही. तिथं बसून तो तोंड उघडते. गळ्याच्या शिरा फुगतात. डोळ्यांतून पाणी येते. त्याले म्हणायचं आहे ते साऱ्या आळीले माहीत आहे. अन् निघते काय...

थांबा.

बोलू नका.

...

ऐकलं? भिंतीपलीकडून? त्याचं "धर"?

मिनल, उठू नको पोरी. पियुष, पाना राहू दे. तिकडं पाह्य, शेडाच्या वरच्या झरोक्यात. आत्तापर्यंत लाली फिकी होती ना?

आता पाह्य.