रेनच्या खुर्चीचे पट्टे

त्या दिवशी मी शेडमध्ये गेलो होतो तो नुसती शिडी आणायला. डोकं मात्र सकाळपासूनच तापलेलं होतं, त्यामुळे मनात भीतीबिती काही नव्हती.

आमचा विमानतळ गोबी वाळवंटाच्या कडेला आहे. वारा सुटला की चहात वाळू, नूडल्समध्ये वाळू, दाताखाली वाळू. लढाऊ विमानं म्हातारी झाली की शेवटी इथे येतात. ज्यांचं नशीब बरं, त्यांना एखाद्या शाळेसमोर चौथऱ्यावर चढवतात. काही कापून टाकतात. ज्यांच्यात अजून धुगधुगी असते, त्यांना जमिनीवरून चालवायची यंत्रणा बसवून वैमानिकाशिवायच वर सोडतात, आणि नवी विमानं त्यांच्यावर नेम धरायला शिकतात. मी मेकॅनिक हान. तरुणपणी ज्या विमानांची धूळ पुसली, त्यांना मरणासाठी नटवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलंय.

त्या दिवशीचं विमान रेनचं होतं. रेन गुआंगहे माझा वैमानिक. नवरा-बायको भांडणार नाहीत इतके आम्ही भांडलो. गडी छातीने एवढा रुंद, की खुर्चीचे पट्टे पार टोकापर्यंत सैल करावे लागत. कपाळाला सदा थंड मलम चोपडलेलं. सूर्यफुलाच्या बिया चघळायचा आणि टरफलं खुशाल विमानात टाकायचा. विमानात एक सुटा स्क्रू राहिला तरी आमची झोप उडते, आणि हा महाभाग टरफलं टाकणार! खाली उतरला की आधी तक्रार, "डावा ब्रेक ढिला आहे, हान्या." मी ब्रेक उघडून बघायचो. कधीच ढिला नसायचा.

"एकदा तुला वर नेणार बघ," तो म्हणायचा.

"एकच खुर्ची आहे. तुझ्या मांडीवर बसू?"

"मी उठून जागा देईन ना तुला."

मागच्या हिवाळ्यात तो घरी, अंथरुणात, आजारपणाने गेला. शेवटी भेटलो तेव्हा म्हणाला, "माझ्या विमानावर गोळी चालू देऊ नकोस." मी हो म्हटलं. मरणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? पण वर कळवलं तर उत्तर आलं, की चौथरे आता पुरे झालेत.

तर शिडी आणली, विमानाला लावली, वर चढलो. आदल्या दिवशी आतला कोपरा न् कोपरा झाडून काढला होता. तरी खुर्चीखाली टरफलं पडली होती. मला वाटलं, नव्या शिपायांची कारागिरी. चौघांना उभं करून झाडलं. त्यांनी आईची शपथ घेतली. पुटपुटत परत चढलो आणि टरफलं वेचायला लागलो. ती ओली होती.

पट्टेही बांधलेले होते. रिकाम्या खुर्चीवर, रुंद छातीच्या मापाने, टोकापर्यंत सैल. मी ते सोडले आणि कापड आणायला खाली उतरलो. परत वर गेलो, तर पुन्हा बांधलेले... आणि आत थंड मलमाचा वास.

भीती नंतर वाटली. आधी संताप आला. जिवंत होता तेव्हा छळलं, आता मेल्यावरही सुटका नाही.

"रेन, उतर," मी हळूच म्हणालो. "आज हे फोडणार आहेत. ऐकतोस ना... उतर खाली."

वारा तेवढा पडला.

ऊन कलल्यावर मेजर फान आले. वयाने माझ्या मुलाएवढे, पण माणूस सभ्य. त्यांनी हात केला, आणि माझ्या हातांनी घात केला. वैमानिक बसला की खुर्चीच्या सुरक्षा पिना काढायच्या, म्हणजे संकटात खुर्ची त्याला घेऊन बाहेर उडते, त्यांच्या लाल फिती त्याच्यासमोर धरायच्या, त्याने चौकटीवर दोन टिचक्या मारायच्या, मग झाकण लावायचं. जन्मभराची सवय. रिकाम्या खुर्चीच्या पिना काढायचं काही कारण नव्हतं. मी काढल्या, आणि समोर धरल्याही. खाली पोरं हसली.

चौकटीवर दोन टिचक्या वाजल्या.

पिना खिशात कोंबून मी धडपडत उतरलो. फान साहेबांना म्हणालो, "साहेब, थांबवा. आत माणूस आहे."

ते स्वतः शिडी चढले, आत बघून आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हान दादा, आत कुणी नाही. थकलाय तुम्ही. सुट्टी घ्या." मग झाकण लागलं, शिडी बाजूला झाली, आणि ते विमान, रेन चालवायचा तसंच, जरा डावीकडे ओढत धावपट्टीवर गेलं.

आमच्यात एक रीत आहे. आपण पाठवलेलं विमान परत येईपर्यंत मेकॅनिक जागा सोडत नाही आणि शिडीही हलवत नाही. सगळे जेवायला गेले. मी शिडीपाशी उभा राहिलो. वेड्यासारखा, हो. पण दुसरं काय करणार होतो? शब्द दिला होता आणि मोडला होता. निदान उभा तरी राहीन म्हटलं.

दूर टेकड्यांपलीकडे एक धप्प आवाज झाला. मग नुसतीच धूळ. मला रडू आलं, ते रागाचं होतं की कशाचं, कोण जाणे.

तेवढ्यात शिडी करकरली. वरची पायरी दबली. मग तिच्याखालची... मग तिच्याखालची. माणूस दमून उतरतो तशी. थंड मलमाचा वास माझ्याजवळ येऊन थांबला.

"डावा ब्रेक ढिला आहे, हान्या..."

विमानाचे तुकडे वाळवंटात पडलेत आणि याचं ब्रेकचं रडगाणं चालूच! "कधीच ढिला नव्हता," मी ओरडलो. "एकदाही नव्हता!" ओरडताना आधाराला खिशातल्या पिना चाचपल्या. खिसा रिकामा होता. वाळूत बोटं घालून शोधल्या, पण सापडल्या नाहीत.

तुकडे गोळा करणाऱ्या गाडीने दोन दिवसांनी ती खुर्ची आणली. तिला साधा ओरखडाही नव्हता. पिना पुन्हा जागेवर खोचलेल्या होत्या, लाल फिती मी वळतो तशाच वळलेल्या. म्हटलं, सुटला बिचारा. उठून बाहेर पडला. मला इतकं हलकं वाटलं, की त्याला मनातल्या मनात एक शिवीही हासडली.

मग पट्टे पाहिले. सुटलेले होते, पण सैल नव्हते. कुणीतरी ते ओढून अगदी लहान केले होते. रेनच्या छातीला अर्धेसुद्धा पुरले नसते. मी काटकुळा माणूस. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून एक पट्टा उचलून माझ्या छातीवरून घेऊन पाहिला. कडी बरोबर जागेवर बसली.

विमानांची ही जात आता संपलीच म्हणायची. मैदानात शेवटचं एक विमान उरलंय. त्यात रेन कधी बसला नव्हता, आणि ते उद्या वर सोडायचं आहे. मघाशी आत डोकावून आलो. खुर्ची स्वच्छ आहे, टरफलं नाहीत, वासही नाही.

पट्टे मात्र माझ्या मापाचे करून ठेवलेत.