चर्चचा भाता

जव्हारच्या मिशनच्या जुन्या दगडी चर्चमध्ये हलतं चित्र दाखवणार होते. त्या दिवशी मला भाता मारायला बोलावलं. तिथं बाज्याची मोठी पेटी आहे, भिंतीएवढी. पाद्रीसाहेब पुढून बोटं चालवतात, पण मागं कुणाला तरी लाकडी दांडा खाली-वर करून भात्यात वारा भरावा लागतो. भाता थांबला की बाजा मुका.

हे काम माझा मोठा भाऊ नवसू करायचा. मागच्या अवसेला तो तापानं गेला. त्याचा दिवस अजून घालायचा होता.

आमच्या पाड्यावर दिवस घालेपर्यंत एक नेम पाळतात. एकदाच हाक आली तर ओ द्यायची नाही. जितं माणूस पुन्हा हाक मारतं, मेलेलं एकदाच मारतं. ओ दिली की ते ओ देणाऱ्याची जागा घेतं.

निघताना आये म्हणाली, "तोंड बंद ठेव, लहान्या. तुझं तोंड लई सुटतं."

"चर्चात कोण मला हाक मारायला बसलंय?" मी म्हटलं. मी भीत नाही. तेव्हाही भ्यालो नव्हतो. राग तेवढा होता, नवसू गेल्याचा.

चर्चमध्ये आडवा पांढरा कपडा ताणला होता. लोक त्याच्या पुढं, बाजा आणि आम्ही मागं. गॅसबत्त्यांचा उग्र वास आणि ओल्या दगडाचा वास एकात एक मिसळला होता. कपड्याच्या कडेनं तुकानं डोकं घातलं. तो आमच्याच पाड्यावरचा.

"भातेवाल्या, नीट मार रं! नाहीतर साहेबाचा बाजा म्हशीवानी रेकंल."

"तू गप बस, नाहीतर तुलाच जुंपतो."

दिवे मालवले. कपड्यावर उजेड थरथरला. चित्र मागूनही दिसत होतं. खोडाळ्याचा बाजार होता तो. उन्हाळ्यात नाशिकचा एक माणूस यंत्र घेऊन आला होता, त्यानं त्यात धरलेला. बैल चालत होते, बाया मीठ घेत होत्या, आवाज कशाचाच नव्हता. नुसता बाजा घुमत होता, छातीत शिरत होता...

आणि गर्दीतून नवसू आला.

खांद्यावर टोपल्या. तो चालत पुढं आला, मोठा होत गेला, कपडाभर झाला. त्याचे डोळे माझ्यावर थांबले. ओठ हलले. आवाज आला नाही, पण भावाच्या तोंडातलं आपलं नाव कुणाला कळत नाही?

एकदाच हलले.

"ओ, दादा!" मी ओरडलो. दांडा सोडून धावलो आणि कपड्यावर दोन्ही हात टेकले. कपडा कोमट होता, अंगावानी... मग नवसू गेला. नुसते बैल राहिले.

तेव्हा ध्यानात आलं. बाजा चालूच होता.

मी मागं वळलो. दांडा खाली जात होता, वर येत होता, सावकाश, सरावाच्या हातानं मारल्यासारखा. तिथं कुणी नव्हतं. साहेब मान खाली घालून वाजवतच होते.

खेळ सुटल्यावर बाहेर तुकाला गाठलं. "नवसूनं मला हाक मारली. बघितलंस ना?"

तुका हळूच म्हणाला, "काय बोलतोस, लहान्या... आम्हाला त्याची पाठ दिसली. सगळ्यांना. तो लोकांपासून लांब... आत चालला होता."

मला बरंच वाटलं. लोकांकडं पाठ करून तो माझ्याकडंच आला होता. मी त्याला आणला होता.

मग दिवस घातला. सुकऱ्या भगतानं भोपळ्याची घांगळी वाजवायला घेतली, मेलेल्यांना एकेक करून बोलावलं. नवसूचं नाव घेतल्यावर माघी काकूच्या अंगात आलं. ती घुमली, केस सुटले. आये पुढं सरकली.

"बोल, नवसू... बोल, बाबा."

काकूच्या तोंडून आवाज आला. कोवळा, रडवेला.

"आये, मी लहान्या. मला बाहेर का ठेवलंस?"

घांगळी थांबली. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मी इथं बसलोय!" मी ठणकावून सांगितलं. "मीच लहान्या!" आताही तेच सांगतो. मी लहान्याच आहे.

पण आये माझ्याजवळ आली. माझं तोंड दोन्ही हातांत धरून किती वेळ बघत राहिली, आणि "नवसू..." म्हणत रडता रडता हसायला लागली.