चौथ्या पट्टीतला हिरवा

गुरुवारी सकाळी नानांनी दारात थांबून विचारलं, "आज काळी का नेसलीस?"

दिपमालाने पदराकडे पाहिलं. साडी गर्द निळी होती. नानांनीच पसंत करून आणलेली.

"हाताला आली ती नेसले," ती म्हणाली.

"बरं," म्हणून नाना छापखान्यात गेले.

ती धुळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. दोन दिवसांसाठी जळगावला आई-नानांकडे आली होती. दुपारी गच्चीवर जाऊन तिने एक फोन केला. दोन मिनिटांचा. कुणाचा म्हणून आईने विचारलं, तेव्हा "कॉलेजचा" म्हणाली.

संध्याकाळी साडेपाचलाच नाना परत आले आणि तिला स्टँडवर सोडायला निघाले. धुळ्याची गाडी सातला होती. दोघं रसवंतीच्या बाकावर बसून राहिले.

"केळ्यांचा तक्ता झाला एकदाचा," नाना म्हणाले. "उद्या दहाला नमुना काढतो, सही करतो, मग मशीनवर."

"सही कशाला? तुमचंच तर काम."

"माझ्या सहीशिवाय या हातचं एक पान मशीनवर गेलं नाही अजून. तुझी लग्नपत्रिकासुद्धा नाही."

सात वाजता गाडी हलली. नाना फलाटावर हात हलवत होते. शेजारच्या नाशिकच्या गाडीकडे बघून.

तो शेवटचा साधा दिवस.

दीड महिन्याने छापखान्याचे मालक ईश्वरभाऊ यांचा फोन आला. नाना वारले होते; दुसऱ्या दिवशी त्यांची गंधमुक्ती, सुतक फिटल्याचं जेवण होतं. घरात पाहुणे जमायला लागले होते.

"दिपा, नानांचं सामान आज घेऊन जा बेटा. उद्यापासून नवी ऑपरेटर बसतेय. कॉम्प्युटर साफ करायचाय."

"आजच?"

"संध्याकाळपर्यंत. राग मानू नको."

ती लगेच निघाली. सामानासाठी नाही. त्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे ते साफ होण्याआधी तिला बघायचं होतं.

तक्ता फैजपूरच्या केळी उत्पादकांच्या गटासाठी होता. केळी पिकवायच्या खोल्यांत भिंतीवर लावायचा. त्यावर सात पट्ट्या. पहिली कच्च्या हिरव्याची, सातवी ठिपके पडलेल्या पिवळ्याची. सालीचा रंग चौथ्या पट्टीशी जुळला की माल गाडीत भरायचा, उत्तरेला पोचेपर्यंत तो बरोबर तयार होतो. पण छापलेली चौथी पट्टी नको तितकी पिवळी निघाली. लोक तिच्यावर विश्वासून थांबले. केळी खोलीतच पुढे गेली आणि बाजारात काळी होऊन उतरली. तीन आठवडे कुणाला कारण कळलं नाही.

कळलं तेव्हा नानांनी कागद लिहून दिला. 'माझ्या नजरेच्या दोषामुळे रंग चुकला. निंबा बऱ्हाटे.' गटाने तो आपल्या ऑफिसच्या फळ्यावर लावला. त्यानंतर नवव्या दिवशी दुपारी नाना खुर्चीत डोळे मिटून बसले ते उठले नाहीत.

उद्या फैजपूरचे लोक जेवायला येणार होते. कागद अजून फळ्यावर होता.

नानांची खोली छापखान्याच्या मागच्या अंगाला होती. दहा बाय आठची. भिंती राखाडी, छत राखाडी, एकुलत्या खिडकीच्या काचाही राखाडी रंगवलेल्या. वर एक पांढरा दिवा. बाहेरचा उजेड आत आला की रंग खोटे दिसतात, म्हणून नानांनी स्वतःच ही खोली अशी बंद करून घेतली होती. दार ओढून घेतलं की दिवस आहे की रात्र, काही कळायचं नाही. तेवीस वर्षं ते इथे बसले होते.

दिपमालाने दार लावलं. ती खुर्चीत बसली.

समोर भिंतीवर नानांच्या अक्षरातला कागद होता.

'फैजपूर: मॅट कागद. जामनेर: वर्तमानपत्राचा कागद. एरंडोल: चकचकीत कागद, फक्त केबिनच्या कॉम्प्युटरवर.' खाली लाल शाईत: 'सॉफ्टवेअरने विचारलं तर तशीच ठेवा.'

ही प्रोफाइलांची नावं होती. तिला ती लहानपणापासून पाठ होती. हिरव्यासाठी निळी शाई इतकी, पिवळी इतकी, हे फाईलमधले आकडे. पण शाई पिणाऱ्या मॅट कागदावर आणि चकचकीत कागदावर तेच आकडे वेगळे दिसतात. म्हणून प्रत्येक कागदाची, मशीनची एक चिठ्ठी फाईलसोबत जाते, ती प्रोफाइल. एका चिठ्ठीची फाईल दुसऱ्या चिठ्ठीच्या कॉम्प्युटरवर उघडली की सॉफ्टवेअर विचारतं, तशीच ठेवू की इथल्याप्रमाणे बदलू? 'बदला' म्हटलं की आकडेच बदलून मोकळं होतं. ती नावं इंग्रजीत ठेवली तर छापखान्यातली पोरं विसरतात म्हणून नानांनी गावांची ठेवली होती.

खणात रंग मोजायचं यंत्र होतं, मुठीएवढं. आणि वही. प्रत्येक कामाचे आकडे. मागच्या वर्षीचं अक्षर बारीक होतं. पुढे पुढे मोठं होत गेलं होतं. शेवटच्या पानांवर एका ओळीत चारच शब्द मावत होते.

'चौथी पट्टी. निळी २८.' सालीवर यंत्र ठेवून घेतलेलं माप, दहा केळ्यांवर दहा वेळा.

तिने कॉम्प्युटरवर नानांची फाईल उघडली. चौथी पट्टी. निळी २८. प्रोफाइल फैजपूर.

मग मशीनसाठी दिलेली फाईल उघडली. निळी १७. प्रोफाइल एरंडोल. शेवटचा बदल: गुरुवार, संध्याकाळी ६.४०.

तिने ती वेळ पुन्हा वाचली. सहा चाळीसला नाना तिच्या शेजारी रसवंतीच्या बाकावर होते.

वहीचं शेवटचं पान तिने सगळ्यांत शेवटी पाहिलं. तारीख नानांनी गटाला चुकीचा कागद लिहून दिला त्या दिवसाची.

'एरंडोल. गुरु. ६.४०.'

खाली, वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत: 'दिपाला कळू नये.'

म्हणजे नानांना माहीत होतं. आणि तरी त्यांनी त्या कागदावर सही केली.

तिने मशीनवाल्या भटूला आत बोलावलं. भटू मूळचा साक्रीकडचा. हाताला शाई, कानामागे पेन्सिल.

"तक्ता तू छापलास?"

"मीच, ताई. मन्हं मशीन बरोबर शे, आधीच सांगस." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "आनं हाई दख. पहिलं पान. कापेल नही."

तक्त्याचं न कापलेलं पान होतं. कडेला शाई तपासायची रंगीत पट्टी. तिने त्या पट्टीवर नानांचं यंत्र टेकवलं. चारही शाया बरोबर होत्या.

"म्हणजे चूक फाईलमधूनच आली."

"मी मालकास्ले तेच सांगं. पन बठ्ठा दोष नानांवर टाकी दिन्हा."

"फाईल तुला कुणी दिली?"

"मालकास्नी. शुक्रवारी सकाळी सातला, पेनड्राइव्हवर."

"नानांची सही केलेला नमुना?"

भटूने मान खाली घातली. "नव्हता. मी इचारं. म्हने, नाना घरी गेले, घाई शे, लाव. नाना दहाला उनात तवर गठ्ठे टेम्पोत भरायी गयथात."

"म्हणजे नाना यायच्या आधीच माल भरला. तू हे बाहेर कुणाला बोलला नाहीस?"

"पोटनं खाडं कोठे दाखाडू, ताई? नोकरी गयी तर?" मग हळूच म्हणाला, "नानांनीच सांगं, भटू, गप बस."

तिने फैजपूरला फोन लावला. गटाचे अध्यक्ष सुकदेव आबांना म्हणाली, "आबा, चार नंबरची एक फणी घेऊन येता? तुमच्या खोलीतली. तक्त्यावर जुळवून नको, तुमच्या डोळ्याने निवडून."

"पोरी, चाळीस वर्षं डोळ्यानेच निवडली," आबा म्हणाले. "तुझ्या बापाचा तक्ता भिंतीवर लागला आणि सगळे आंधळे झाले. येतो."

साडेचारला चौघं त्या खोलीत उभे होते. दिपमाला, भटू, फणी हातात धरलेले सुकदेव आबा आणि ईश्वरभाऊ.

"दार लावा," दिपमाला म्हणाली.

"इतक्या माणसांत? जीव गुदमरेल," भाऊ म्हणाले.

"बाहेरचा उजेड आला की रंग खोटा दिसतो. नाना रोज लावायचे."

भटूने दार ओढलं. आवाज बंद झाले.

तिने टेबलावर दोन कागद ठेवले. एक छापलेला तक्ता. दुसरा नमुना, नानांच्या मूळ फाईलवरून तासाभरापूर्वी भटूने काढून दिलेला. मध्ये केळ्यांची फणी.

सुकदेव आबा वाकले. छापलेल्या चौथ्या पट्टीशेजारी केळं हिरवं दिसत होतं. नमुन्यावर ठेवलं, तर साल कुठे संपते आणि पट्टी कुठे सुरू होते, ते बोटाने शोधावं लागलं.

"आयला," आबा म्हणाले. "हा कुणाचा?"

"नानांचा. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, ते खरं आहे. पण ते डोळ्याने रंग लावतच नव्हते, आबा. यंत्राने मोजायचे आणि आकडा लिहायचे. आकडा चुकला नव्हता."

"मग चुकलं कोण?"

"नानांची फाईल मॅट कागदाची होती. मशीनवर गेली ती चकचकीत कागदाची. ती प्रोफाइल फक्त एका कॉम्प्युटरवर आहे. मालकांच्या केबिनमधल्या. गुरुवारी ६.४० ला कुणीतरी तिथे फाईल उघडली. सॉफ्टवेअरने विचारलं, तशीच ठेवू की बदलू. त्या माणसाने 'बदला' म्हटलं. हिरव्यातली निळी शाई उतरली आणि चौथी पट्टी पिवळी पडली. सकाळी सहीशिवाय ती मशीनवर चढली."

"नानाच बसले असतील केबिनमध्ये," भाऊ घाईने म्हणाले. "जायचे ते कधीमधी."

"सहा चाळीसला ते माझ्याबरोबर स्टँडवर होते."

"मग कुणी कामगार..."

"भाऊ, भटू सहाला घरी गेला होता. सकाळी पेनड्राइव्ह कुणी दिला?"

भाऊंनी भटूकडे पाहिलं. भटूने नजर हटवली नाही. दार बंद होतं. भाऊ दाराला टेकून उभे राहिले.

"मी बिघडवायला नव्हती उघडली," ते शेवटी म्हणाले. "नीट आहे का बघायला उघडली. ती खिडकी आली, मला वाटलं हो म्हणायचं असतं. पडद्यावर तर सगळं छान दिसत होतं."

"नंतर कळलं तेव्हा?"

"गट हातचा गेला असता. नाना म्हणाले, मी लिहून देतो. मी नाही म्हटलं नाही. एवढाच माझा गुन्हा."

"एवढाच?" सुकदेव आबा म्हणाले. "माणूस मेला, ईश्वर." मग त्यांची भुवई वर गेली. "पण थांब. निंबाला ठाऊक होतं तर त्याने सही का केली? त्याच्या जिभेवर कुणी निखारा ठेवला होता?"



ईश्वरभाऊ हळू आवाजात म्हणाले, "दिपा, ते राहू दे. कागद काढून घेतील आबा. इथेच थांबू. नानांनी मला शपथ घातलीय. तुझ्याच भल्यासाठी सांगतो."

राखाडी भिंती चारही बाजूंनी जवळ आल्यासारख्या वाटल्या. गप्प राहिलं तर कागद निघणार होता. नानांचं नाव धुऊन निघणार होतं. कुणाला काही कळणार नव्हतं. याच खोलीत, याच दिव्याखाली, नानांनी तेच ठरवलं असणार.

"शपथ तुम्हाला आहे, भाऊ. मला नाही," दिपमाला म्हणाली. "आबा, त्या गुरुवारी दुपारी मी गच्चीवरून यांना फोन केला होता. म्हटलं, नानांना रंग ओळखू येत नाहीत. निळी साडी त्यांना काळी दिसते. त्यांचं काम जरा तपासत जा, पण त्यांना कळू देऊ नका. म्हणून यांनी फाईल उघडली. एरवी तेवीस वर्षांत कधी उघडली नव्हती."

तिने वही पुढे केली. शेवटचं पान.

"नानांनी शोधून काढलं. यांना विचारलं. यांनी माझा फोन सांगितला. खरं बाहेर आलं असतं तर माझं नाव आलं असतं. म्हणून त्यांनी दोष आपल्या डोळ्यांवर घेतला."

सुकदेव आबांनी वही हातात घेतली. डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली.

"कागद मी आत्ता जाऊन काढतो," ते म्हणाले. "त्या जागी काय लावू?"

"मी लिहून देते. फोनसकट. उद्या घरी सगळ्यांसमोर वाचते."

"आईला काय वाटेल तुझ्या?"

"वाटू दे. फोन कॉलेजचा म्हणून मी तिच्याशीही खोटंच बोलले होते."

"आनं मालक?" भटूने विचारलं.

"मालक शेजारी उभा राहील," आबा म्हणाले. "राहशील ना रे, ईश्वर?"

भाऊंनी मान हलवली. दार उघडलं, तशी बाहेरच्या मशीनची धडधड एकदम आत आली. तिघं बाहेर गेले. फणी टेबलावरच राहिली.

दिपमालाने दार परत ओढून घेतलं. दिवा चालू ठेवला. त्या गुरुवारचीच साडी ती नेसली होती, हे सकाळपासून तिच्या लक्षात आलं नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर नानांचा मफलर होता. तिने त्याच्यावर हात ठेवला.

नमुन्यावर केळ्यांचा हिरवा आणि पट्टीचा हिरवा अजून एकमेकांत मिसळून बसले होते.

"नाना, ती काळी नव्हती," ती मोठ्याने म्हणाली. "निळी होती."