डाव्या बाजूची चटणी

ऋजुताला पडलेलं कोडं ऐकायला अगदी साधं होतं. चांगली वस्तू हरते कशी?

वस्तू म्हणजे ‘कवडसा’. कवडसा हा एक ब्राउझर होता (ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पानं शोधून आणून आपल्यासमोर मांडणारा प्रोग्राम) आणि तो ऋजुताच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, तरुणपणी लिहिला होता. हे आजोबा-नात चंद्रावरच्या ज्या वसाहतीत राहत, तिथे माणसं होती चौऱ्याऐंशी आणि कवडसा वापरणारी फक्त दोन. एक आबा, दुसरी ऋजुता. बाकी सगळे संगणकाबरोबर आलेला ‘दर्शक’ नावाचा ब्राउझर वापरत.

आता गंमत बघा. पृथ्वीवरून निघालेला संदेश चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद लागतोच, त्याला कोणाचा इलाज नाही. पण दर्शक एका पानाबरोबर सतरा नाचरी चित्रं ओढून आणायचा आणि त्यात चांगलं दीड मिनिट घालवायचा. कवडसा आधी अक्षरं आणायचा, मग बाकीचा पसारा. ऋजुताची आई सहा महिन्यांसाठी पृथ्वीवर कामाला गेली होती आणि लेकीसाठी रोज एक पान लिहायची. कवडशात ते पान अकरा सेकंदांत उघडत असे. ऋजुताने घड्याळ लावून मोजलं होतं.

असा हा कवडसा येत्या सोमवारी पुसला जाणार होता. वसाहतीच्या संगणकात जागा कमी, म्हणून पाचांपेक्षा कमी माणसं वापरतात तो प्रोग्राम दर वर्षी काढून टाकत. लिहिणाऱ्याने हरकत घेतली तर मात्र ठेवत. दर वर्षी आबा हरकत घ्यायचे. यंदा त्यांनी घेतली नाही. उलट “खुशाल पुसा” असा अर्ज स्वतःच्या सहीने देऊन आले.

“आबा, का केलंत असं?” ऋजुता रडवेली झाली.

“अगं, तीस वर्षांत लोकांना आवडला नाही, म्हणजे नसेलच तो चांगला. उगाच जागा कशाला अडवायची?” आबा हसले खरे, पण बोलताना त्यांनी चष्मा तीनदा पुसला. ऋजुताला फार वाईट वाटलं. आबांना खोटं हसता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी पृथ्वीपौर्णिमा होती. पृथ्वीवर अमावस्या असते, तेव्हा चंद्रावरून पृथ्वी पूर्ण गोल दिसते, निळीशार. त्या दिवशी दुपारी अख्खी वसाहत काचेच्या मोठ्या घुमटाखाली पंगतीला बसते. छत्तीस-छत्तीसच्या दोन पंगती, आणि शेवटी स्वयंपाकाच्या कामातल्या बारा जणांची तिसरी. सायलीकाकू एरवी वसाहतीच्या प्रमुख, पण त्या दिवशी भटारखाना त्यांच्या ताब्यात. आबा मीठ वाढत. वाटी धरून हळूहळू फिरायचं, एवढंच ते काम, पण दुसऱ्या कोणाला करू देत नसत. बाकीचं वाढप ठोंब्या नावाचा यंत्रमानव करी. लोक बसायच्या आत पत्रावळीवर डाव्या बाजूला चटणी वाढून ठेवायची, असा त्याला हुकूमच होता.

यंदा शेतघरात जवस आणि कारळं, दोन्ही पिकली होती. सायलीकाकूंनी दोन चटण्या केल्या. ठोंब्याच्या डोक्यात मात्र एकाच चटणीची जागा. म्हणून जवसाची पत्रावळीवर वाढली आणि कारळ्याची कडेच्या टेबलावर ठेवली. हवी त्याने मागून घ्यावी.

पहिली पंगत उठली. कारळ्याची वाटी जवळजवळ भरलेलीच होती. काकूंचा चेहरा उतरला. “कोणाला आवडली नाही वाटतं. मी एवढी खमंग भाजली होती गं कारळं!”

ऋजुता दचकली. हेच तर आबा म्हणाले होते!

“ठोंब्या, किती जणांनी कारळ्याची मागितली?”

“छत्तीसांपैकी तिघांनी,” ठोंब्या म्हणाला.

ती धावतच आबांकडे गेली. “आबा, कारळ्याची चटणी वाईट नाहीये! ती फक्त पत्रावळीवर नव्हती!”

आबांनी मिठाची वाटी खाली ठेवली. “एका पंगतीवरून निष्कर्ष? नापास! कदाचित लोकांना जवसच जास्त आवडत असेल. वाट्यांची अदलाबदल कर. बाकी काही बदलू नकोस. तेच स्वयंपाकी, तोच वाढपी, तेवढीच माणसं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कशामुळे काय झालं ते कळतं. याला प्रयोग म्हणतात.”

दुसऱ्या पंगतीत कारळ्याची चटणी डाव्या बाजूला गेली आणि जवसाची टेबलावर. ऋजुता खांबाआड उभी राहून बोटांवर मोजत होती. छत्तीसांपैकी जवसाची मागितली चौघांनी. बाकीच्यांनी कारळ्याची मिटक्या मारत खाल्ली. एक काका तर म्हणाले, “यंदा चटणी झकास हं!” दुसरी चटणी आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“बघा आबा! लोकांनी निवड केलीच नाही. समोर आलं ते खाल्लं. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम (संगणकाचा सगळा कारभार पाहणारा मूळ प्रोग्राम) म्हणजे आपला ठोंब्या. दर्शक त्याने आधीच वाढून ठेवलेला असतो. कवडशाला उठून शोधायला जावं लागतं. कोण उठतंय जेवताना?”

 आबा बाकावर बसले.

“मी जन्मलो त्या सुमाराला पृथ्वीवर यावरून मोठमोठे खटले चालले होते. पुस्तकात वाचलंय मी. आणि स्वतःच्या बाबतीत मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तीस वर्षं मी स्वतःलाच दोष देत बसलो गं.”

ऋजुताने त्यांचा हात धरला. 

“पण मग आधी वाढून ठेवणं वाईटच का?” तिने विचारलं.

“छे! भुकेल्याची सोयच होते. भानगड पुढे आहे. समज, वाढपी आणि चटणीवाला एकच आहे. तो दुसऱ्याची वाटी फडताळात मागे सरकवणार. हळूहळू लोक तिला विसरणार आणि ती करणारा करणं सोडणार. मग पहिल्या चटणीत मीठ कमी पडलं तरी सुधारायची घाई कोणाला? ऑपरेटिंग सिस्टिम आणि दर्शक एकाच कंपनीचे. दर्शक सहा वर्षांत बदललेला नाही, तो यामुळेच. दोघं असले की दोघांनाही नीट राहावं लागतं. यालाच स्पर्धा म्हणायचं.”

“मग करायचं काय?” सायलीकाकू केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, कळलंच नाही.

“विचारायचं!” ऋजुता म्हणाली. “ठोंब्या, आता काहीच आधी वाढू नकोस. प्रत्येकाला विचार, जवस की कारळं?”

तिसरी पंगत बसली. ठोंब्या एकेकापुढे थांबून विचारू लागला आणि प्रत्येक जण क्षणभर विचारात पडला. सातांनी जवसाची घेतली, पाचांनी कारळ्याची. काकूंचा चेहरा असा खुलला की ऋजुताला हसूच आलं.

हात धुऊन आबा थेट कचेरीत गेले आणि आपला अर्ज मागे घेऊन हरकत नोंदवून आले.

सोमवारी सकाळी सायलीकाकूंच्या हुकमावरून वसाहतीतल्या प्रत्येक पडद्यावर प्रश्न आला, ‘कोणता ब्राउझर उघडू?’ खाली दोन नावं. निम्म्या पडद्यांवर दर्शक आधी, निम्म्यांवर कवडसा आधी. पहिल्या नावालाच लोक बोट लावतात, म्हणून आबांनी तसा हट्टच धरला होता. संध्याकाळपर्यंत एकसष्ट जणांनी दर्शक निवडला, तेवीस जणांनी कवडसा.

“हरलोच की आपण,” ऋजुता हिरमुसली.

“हरलो? अगं, तेवीस माणसं! परवापर्यंत दोन होतो!”

तेवढ्यात शेतघरातल्या मोहितकाकांचा निरोप आला. ‘कवडशातली अक्षरं फार बारीक आहेत. डोळे दुखले. काहीतरी करा.’ ऋजुताने घाबरून आबांकडे पाहिलं. आबांनी तो निरोप दोनदा मोठ्याने वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले. तीस वर्षांत कवडशाबद्दल आलेली ती पहिली तक्रार होती. ते बाह्या सरसावून संगणकापुढे बसले.

पुढच्या आठवड्यात दर्शकवाल्यांनी पृथ्वीवरून कळवलं, की तेही आता आधी अक्षरं आणणार आहेत. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी ऋजुताने आईला लिहिलं, “आई, आज आबांना जेवायला तीनदा हाका मारल्या, शेवटी रागवावं लागलं. ते अक्षरं मोठी करतायत.”